सरव्याची पात

त्या सालात वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला, की ज्वारी पेरणाऱ्याला लोक वेड्यात काढू लागले. सात समुद्रापलीकडं गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिकडचा कापूस अडकून पडल्यामुळं विलायतेच्या गिरण्या आपल्या कापसाच्या पऱ्हाटीकडं डोळे लावून बसल्या होत्या. कोण लढतंय आणि कशापायी, याची चौकशी बोरखेडीत कोणी केली नाही. लढाई चालू राहावी, एवढंच मागणं गावानं मारुतीजवळ घातलं होतं. अमरावतीचे दलाल यायचे, अकोल्याचे यायचे, आणि बोंड उकलायच्या आधीच उभ्या पिकाचा सौदा करून जायचे. गावचे पाटील खुशालराव यांनी तर बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. बैलांना त्याचं काही वाटलं नाही, पण पाटील शेतातून घरी यायला लांबचा रस्ता धरू लागले.

या गावात सरव्याची रीत होती. शेवटची वेचणी आटोपली, की शेत मोकळं व्हायचं. पऱ्हाटीला चिकटून राहिलेलं, किडकं, उशिरा उकललेलं, मातीत पडलेलं, असं जे काही मागं उरेल ते वेचायला गावातल्या म्हाताऱ्या बाया शेतात शिरायच्या. त्यांना कोणी बोलवायचं नाही आणि कोणी हटकायचंही नाही. ही रीत कोणाच्या आजोबानं घातली ते कोणालाच सांगता आलं नसतं. कापसाला भाव नव्हता तोवर सांगण्याची गरजही पडली नव्हती.

तानुबाई या सरव्याची मुखत्यार. साठी कधीच उलटलेली, कंबर वाकलेली. पण सरवा वेचायचा तर तशीही कंबर वाकवावीच लागते, असं ती म्हणायची. वेचलेलं घरी आणायचं, निवडायचं, सूत काढायचं आणि वाण्याच्या दुकानात त्याच्या बदल्यात ज्वारी, मीठ, तंबाखू घ्यायची. मुलाच्याच अंगणात तिची चूल वेगळी होती. सुनेशी भांडण नव्हतं. दोघींची चूल वेगळी होती म्हणूनच भांडण नव्हतं, असं शेजारीपाजारी म्हणत.

सून कौशल्या तिशीतली, तोंडाची फटकळ आणि हाताची चपळ. पाटलाच्या शेतात वेचणाऱ्या बायांची ती म्होरकी होती. तिचा नवरा सहदेव अकोल्याकडं आगगाडीच्या भरावावर माती टाकायला गेला होता. तो एकटाच नाही, निम्मा गाव गेला होता. कितीतरी बाया नवऱ्यांमागं टोपल्या घेऊन गेल्या होत्या. इकडं पऱ्हाटी पांढरी होऊ लागली आणि वेचायला हातच नाहीत, अशी गत झाली. जन्मभर 'काम देता का मालक' म्हणत दारोदार फिरलेल्या बायांकडं आता मालकच फेऱ्या मारू लागले. कौशल्यानं हे बरोबर हेरलं होतं.

पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करायचं असतं. धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या बांधापाशी, पाच दगड मांडायचे, त्यांना शेंदूर लावायचा, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, तोच दहीभात शेतात शिंपडायचा आणि मग पहिलं बोंड तोडायचं. त्या दिवशी पाटलीण गोदाबाई दहीभाताचं गंज घेऊन उभ्या होत्या, पाटील पागोटं सावरून उभे होते, आणि वेचणाऱ्या बाया धुऱ्यावर फतकल मारून बसल्या होत्या.

"उठा वं बायांनो," पाटील म्हणाले. "ऊन चढून राहिलं."

"पाटील, औंदा दहामांगं एक परवडत नाई," कौशल्या बसल्या जागेवरून म्हणाली.

वेचणाऱ्यांची मजुरी कापसातच मिळायची. दिवसभर वेचलेल्या कापसाचे सारखे ढीग घालायचे आणि दर दहा ढिगांमागं एक वेचणारीनं न्यायचा. गावात आजवर असंच चालत आलं होतं.

"मंग किती पायजे?"

"सातामांगं एक."

"सातामांगं! मंग शेतच घेऊन जा ना वं. मी येतो तुह्या घरी पाणी भराले."

"या. माह्यी विहीर लांब हाये," कौशल्या म्हणाली, आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

ऊन वाढत गेलं. गोदाबाईंनी दोनदा नवऱ्याकडं पाहिलं आणि एकदा दह्याकडं. दही आंबायच्या आत पूजा झाली पाहिजे, एवढीच त्यांची चिंता होती. नवराबायको बाजूला जाऊन काहीतरी कुजबुजले. पाटील परत आले ते खाकरतच.

"आठामांगं एक देतो. पण एवढा वाटा नेल्यावर मंग सरवा काहून? औंदापासून सरवा बंद. शेत शेवटल्या बोंडापर्यंत माह्यं. बोल, सोडला?"

कौशल्यानं क्षणभर विचार केला. सरवा म्हणजे काय, चार म्हाताऱ्यांच्या ओटीतलं किडकं बोंड! त्याच्या बदल्यात आठामागं एक. पाचही बोटं तुपात. त्या साली किडक्या बोंडालासुद्धा गिऱ्हाईक होतं, हे पाटलाला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं, एवढाच फरक.

"सोडला," ती म्हणाली.

बाया ताडकन उठल्या. गोदाबाईंनी घाईघाईनं दहीभात शिंपडला आणि वेचणी सुरू झाली. माणिकबाई कौशल्याच्या खालोखालची वेचणारी. तिनं तर भर शेतात कौशल्याची दृष्ट काढली.

संध्याकाळी तानुबाई अंगणात भाकरी थापत होती. कौशल्यानं मोठ्या तोऱ्यात सगळी हकीकत सांगितली.

"आठामांगं एक. बरं झालं," तानुबाई म्हणाली. "अन् पाटलाले काय देल्लं?"

"काई नाई. सरवा सोडला."

तानुबाईनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपली, तरी नाही.

"हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून आली वं तू," ती म्हणाली. "सरवा तुहा होता काय? तू कधी वेचला?"

कौशल्याचा तोरा उतरला, पण हार मानायची तिला सवय नव्हती. "आत्याबाई, काहून जीव जाळता? माह्या वाट्यातलं मी तुमाले देतो ना. सरव्याच्या दुप्पट देतो."

"देशील बापा. तू काई वाईट पोरगी नाई. पण देणारी तू अन् घेणारी मी, असं आपल्यात आजवर नोहोतं."

कौशल्यानं शब्द पाळला. आठवड्याला ओटीभर कापूस ती सासूच्या दाराशी नेऊन ठेवायची. तानुबाईनं पहिल्यांदा तो उचलला, दुसऱ्यांदाही उचलला. पुढं 'ठेव तिथं' म्हणायला लागली आणि कापूस तिथंच राहायला लागला. एकदा वासरानं त्यात तोंड घातलं, तरी ती उठली नाही. चांगला पांढरा, स्वच्छ, सरव्यापेक्षा शंभरपट बरा कापूस! कौशल्याला भयंकर राग यायचा. या म्हातारीला देव तरी कसा पावावा, असं ती शेजारणीला म्हणाली.

पाटलाचं बघून गावातल्या बाकीच्या मालकांनीही सरवा बंद केला होता. बाकीच्या बायांनीही आपापल्या म्हाताऱ्यांना कौशल्यासारखंच वचन दिलं होतं. सुरुवातीला सगळ्यांनी पाळलंही. मग ज्वारी महागली. महागणारच, सगळ्या रानात पऱ्हाटीच पऱ्हाटी, ज्वारी येणार कुठून? हातात कापूस भरपूर आणि ताटात भाकर अर्धी, अशी त्या साली गरिबाची श्रीमंती होती. 'उद्या देतो'चं 'संक्रांतीले देतो' झालं. माणिकबाईची सासू दुर्गाबाई जेवणाच्या वेळी पाटलाच्या वाड्याकडं जायला लागली. गोदाबाई तिला ताक द्यायच्या, वर चार शब्द गोड बोलायच्या. पण येताना-जाताना दुर्गाबाई लोटा पदराखाली धरायची.

पौषात मारुतीच्या देवळामागच्या शेताची शेवटची वेचणी झाली. पाटलानं उरलेलं वेचायला घरचे सालदार, म्हणजे वर्षाच्या ठरीव बोलीवरचे गडी, लावले होते. सालदाराला किडकं बोंड वेचलं काय आणि ठेवलं काय, सारखंच. ते पऱ्हाटीच्या सावलीत चिलीम ओढत बसले आणि कापूस झाडावर लोंबत राहिला. एक दिवस सकाळी तानुबाईनं दरसालासारखी ओटी बांधली, भर रस्त्यानं, चारचौघांदेखत चालत गेली आणि शेतात शिरली.

राखणदार नत्थुजी धावत आला. "तानुकाकू, निंगा शेतातून. पाटलाची मनाई हाये."

"कोणाले मनाई हाये? मले त पाटलानं काई सांगतलं नाई."

"मंग चाला, त्याईलेच पुसा."

"चाल. पण पह्यले ओटी भरू दे."

बिचारा नत्थुजी तिची ओटी भरेपर्यंत उभा राहिला आणि मग चोराला घेऊन निघाला. चोर पुढं आणि राखणदार मागं.

दुपारी मारुतीच्या पारावर पंच बसले. प्रकरण साधं होतं. सरवा बंद झालेला असेल तर तानुबाई चोर. आणि चोराला दर्यापूरच्या ठाण्यात धाडायचं की गावातच नाक घासायला लावायचं, एवढंच ठरवायचं होतं. चोराच्या घरच्यांना कोणी पुन्हा शेतात उभं करत नसे, हे वेगळं सांगायला नको. पाटील शांत होते. त्यांना म्हातारीचा राग नव्हता. त्यांना आपल्या सौद्याची काळजी होती.

"कौशल्ये, सीतादहीच्या दिवशी तू सरवा सोडला का नाई? हो का नाई, एवढंच सांग."

कौशल्या पेचात सापडली. नाही म्हणावं, तर सासू सुटते. पण मग सौदाच झाला नाही, आणि सगळ्या बायांचा आठामागं एक गेला. हो म्हणावं, तर सासू चोर. माणिकबाई डोळ्यांनी तिला खुणावत होती. कौशल्याला सासूचा राग आला. घरात बसून फुकटचा कापूस घ्यायला काय झालं होतं? स्वतःचाही आला, पण तो जरा उशिरा.

"सोडला," ती म्हणाली.

बायांनी श्वास सोडला. तानुबाईनं सुनेकडं पाहिलं नाही.

"पण पाटील," कौशल्या पुढं म्हणाली, "थो माहा नोहोता सोडाले. म्या सरवा कधी वेचलाच नाई. ज्याईचा होता त्याईले म्या पुसलं नाई, अन् तुमीबी पुसलं नाई."

पंचांतले सगळ्यात जुने जानराव तंबाखू मळत होते. ते थांबले. "पोरगी बरोबर बोलून राहिली, खुशालराव. माह्या बैलाचा सौदा तू शेजाऱ्याशी केला, त थो सौदा होते काय?"

खुशालराव काही बुद्धू नव्हते. "ठीक हाये," ते म्हणाले. "मंग सौदा मोडला. सरवा म्हाताऱ्याईचा, अन् वाटा पह्यल्यासारखा दहामांगं एक. वेचणाऱ्याईले पुसा, पटते काय."

"आमाले आठच पायजे," सगळ्यांत आधी माणिकबाई म्हणाली. मग एकेक करून सगळ्याच म्हणाल्या. दुर्गाबाई सुनेच्या मागंच बसली होती. ती जमिनीकडं बघत राहिली. त्या बायांना वाईट म्हणायचं तर म्हणा. पण घरात लेकरं अर्ध्या भाकरीवर होती आणि आठ आणि दहातला फरक त्यांच्या रोजच्या ताटात दिसत होता.

"झालं," पाटील म्हणाले. "बायांनीच ठरवलं. बुढीले मी ठाण्यात नाई धाडत. ओटी इथी रिकामी करू दे अन् कान धरू दे."

तानुबाई ओटी सोडायला लागली. गाठ सुटेना. सगळं गाव तिच्या बोटांकडं बघत होतं. कौशल्याला ते बघवेना.

"थांबा पाटील! माह्यापुरता वाटा दहामांगं एकच करा. मले वाढीव नोको. पण मी ज्या पातीले लागीन, त्या पातीतला सरवा म्हाताऱ्याईचा. बाकीचं शेत तुमचं."

वेचताना बाया शेतात एका रांगेनं उभ्या राहतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला पऱ्हाटीच्या काही ओळी येतात. ती तिची पात. एवढ्या मोठ्या शेतात कौशल्याची पात म्हणजे धोतराचा काठ! त्यातला सरवा द्यायचा आणि गावातल्या सगळ्यात चपळ वेचणारीचा वाटा आठावरून दहावर आणायचा. पाटलाला हसू आलं.

"मंजूर. पंचाईसमोर मंजूर. औंदाच नाई, जलमभर मंजूर."

"ठरलं," जानराव म्हणाले आणि त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. तानुबाईनं न सुटलेली गाठ तशीच ठेवली आणि भरल्या ओटीनं घरी गेली.

गावानं कौशल्याला वेडी ठरवलं. माणिकबाईनं तिच्याशी बोलणं टाकलं. आपल्याला वाईट दाखवण्यासाठीच तिनं हे केलं, असं तिचं मत झालं. सहदेव होळीला घरी आला, तेव्हा आईची बाजू घ्यावी की बायकोची, हे त्याला कळेना, कारण दोघी एकाच बाजूला होत्या. आपल्या बाजूला कोणीच नाही, हे ओळखून तो परत भरावावर गेला.

पाटलाच्या राहिलेल्या शेतांमध्ये शेवटच्या वेचणीनंतर कौशल्याच्या पातीत तानुबाई शिरायची आणि तिच्यामागून दुर्गाबाई, आणखी दोघीतिघी. त्या चिंचोळ्या पट्टीत त्यांचे एकमेकींना धक्के लागायचे. पहिल्या दिवशी कौशल्यानं मुद्दाम चांगली बोंडं झाडावर ठेवली. तानुबाईनं संध्याकाळी ती तिच्यापुढं टाकली.

"हा सरवा नोहे. हे तुह्यं कामचोरपण हाये. उद्या नीट वेच."

दुसऱ्या दिवशी कौशल्यानं नीट वेचलं. तरी म्हाताऱ्यांना रोज ओंजळ-दोन ओंजळी मिळत गेल्या. दुर्गाबाईचं वाड्यावर जाणं बंद झालं नाही, पण कमी झालं.

मग लढाई संपली. ज्याची गावाला धास्ती होती तेच झालं. दलालांची घोडी दिसेनाशी झाली, अमरावतीच्या बाजारात कापसाचा भाव घसरला तो घसरतच राहिला. अकोल्याकडचा भराव पुरा झाला आणि माणसं टोपल्या-फावड्यांसकट गावात परतली. आता हात उदंड आणि कापसाला विचारणारा नाही. पुढच्या सीतादहीला बाया धुऱ्यावर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"औंदा सगळ्याईले दहामांगं एक," पाटील म्हणाले. "नसन परवडत त घरी जा. गावात बायाईची कमी नाई."

माणिकबाई पुढं झाली. "दहा त दहा. पण मंग सरवा मोकळा करा, पाटील."

"थो त तुमी सोडला. पंचाईसमोर, एकेकीनं तोंडानं सांगून सोडला."

"थो आठासाठी सोडला होता."

"आठ भावासंगं आलं, भावासंगं गेलं. सरवा काई भावासंगं गेला नाई, तुमी सोडला म्हणून गेला. कौशल्याची पात मात्र हाये. म्या शब्द देल्ला, अन् खुशालराव पाटलाचा शब्द म्हंजे दगडावरची रेघ." पाटलाला स्वतःच्या या शब्दाचं खरोखरच कौतुक होतं. भाव पडल्यावर दुसरं कौतुक करण्यासारखं त्यांच्याजवळ फारसं उरलंही नव्हतं.

त्या हंगामात पाटील वाटा देताना बायांच्या ढिगांकडं दोनदा बघत आणि बाया पाटलाकडं एकदाही बघत नसत. देवळामागच्या शेताची शेवटची वेचणी आली. रांग लागली. कौशल्या मधोमध उभी होती. तिच्या उजवीकडं माणिकबाई आली. वर्षभरात ती कौशल्याशी पहिल्यांदा बोलली.

"कौशल्ये, माह्या या ओळी तुह्या पातीत घे."

"काहून?"

"घे म्हणतो ना. वेचतो मीच. पात तुही."

कौशल्या तिच्या तोंडाकडं बघत राहिली. माणिकबाईचे डोळे भरले होते, आणि ते दिसू नये म्हणून ती खाली वाकून पहिलं बोंड तोडत होती. तेवढ्यात डावीकडची म्हणाली, "माह्यीबी घे." मग तिच्या पलीकडची. वाटा सगळ्यांचा आता दहामागं एकच होता, त्यामुळं पात कोणाची म्हटली तरी कोणाचं काही जात नव्हतं. बायांनी आपापला कापूस वेचला, आपापले ढीग घातले. सायंकाळी धुऱ्यावर गावातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या म्हाताऱ्या ओट्या बांधून उभ्या राहिल्या.

नत्थुजीनं पाटलाला बोलावून आणलं. बरोबर जानरावही आले.

"हे काय चालून राहिलं?" पाटील ओरडले. "शेत मोकळं कोणं केलं?"

"कोणंच नाई, पाटील," कौशल्या म्हणाली. "म्हाताऱ्या माह्या पातीत चालल्या."

"तुही पात कोणती?"

पाटलांनी जानरावांकडं पाहिलं.

"पात किती रुंद, थे काई त्या दिवशी ठरलं नोहोतं बापा," जानराव म्हणाले.

पाटलाचा चेहरा लाल झाला. तरी या वेळी त्यांनी आवाज चढवला नाही. "कौशल्ये, नीट सांग. कुठून कुठवर तुही पात?"

कौशल्यानं हात लांब केला. "या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत."

पाटील काय म्हणतात याची वाट न बघता तानुबाई शेतात शिरली आणि वाकून वेचायला लागली.